जबड्यातली तुटलेली प्लेट कचऱ्यात टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल पेपरात अधूनमधून छापून येतं, तंबाखू सोडा, लवकर तपासणी करा, ते सगळं बरोबरच आहे आणि यायलाच पाहिजे. पण ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या जबड्यात जी धातूची पट्टी बसवतात, डॉक्टर लोक जिला रिकन्स्ट्रक्शन प्लेट म्हणतात, तिच्याबद्दल एक ओळ सुद्धा माझ्या वाचनात आली नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा अशी विनंती.

मी डॉक्टर नाही. भोसरीत एका कारखान्यात ३१ वर्षं टेस्टिंगला होतो. ट्रक-टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे बनायचे, ते मशीनवर लावायचे आणि लाखो वेळा वाकवून कधी तुटतात ते बघायचं, हेच माझं काम. तुटलेला तुकडा हातात घेऊन "हा का तुटला" हे शोधण्यात आयुष्य गेलं. आणि रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत तसाच एक तुटलेला तुकडा माझ्या सख्ख्या बहिणीच्या जबड्यातनं निघाला.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हडपसरला असते. माहेर आमचं सासवडकडचं, तिथं तेव्हा घरोघर बायका मिश्री लावायच्या, चुलीवर तव्यात तंबाखू काळीकुट्ट भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांना घासत बसायचं. ताईला ती सवय लग्नाआधीची. डाव्या बाजूला खालच्या हिरडीला जखम झाली, भरेना, दात पडला म्हणून दवाखान्यात गेलो तर बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि तो हाडात उतरलेला. डाव्या बाजूचा हनुवटीजवळपासनं कानाखालच्या कोपऱ्यापर्यंतचा जबडा काढावा लागला. जवळजवळ ७ सेंटीमीटर हाड गेलं.

अशा वेळी चांगला उपाय म्हणजे पायातलं हाड आणून बसवणं. नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं, फिब्युला, शरीराचं वजन त्यावर फार नसतं, त्यामुळे त्यातला बराच भाग रक्तवाहिन्यांसकट काढून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडता येतो. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात टेलर यांनी हे हाड असं रक्तवाहिन्यांसकट हलवून दाखवलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत हिडाल्गो यांनी त्याचा जबडा केला. आज पुण्यात सुद्धा ही ऑपरेशनं होतात. पण ताईला शुगर जुनी, पायाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत दोष निघाला, डॉक्टर म्हणाले पायाला धोका आहे, नको. मग छातीचं मांस वर फिरवून जखम झाकली आणि हाडाच्या जागी नुसती टायटॅनियमची प्लेट. दोन्ही टोकांना स्क्रू आणि मधे सगळी पोकळी.

आता इथं एक गोष्ट जी मला तेव्हा कळायला पाहिजे होती आणि कळली नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा बाईकवरनं पडला होता, त्याच्या पण जबड्यात प्लेटा आहेत, दीडदोन महिन्यांत तो वडापाव खायला लागला. आम्ही सगळे ताईला तेच उदाहरण द्यायचो, बघ तो कसा खातोय, तू पण खा, ताकद आली पाहिजे. मोठी चूक. त्याच्या प्लेटा म्हणजे एकेक मिलीमीटर जाडीच्या छोट्या पट्ट्या, मोडलेल्या हाडाची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, चावताना जोर हाडातनंच जातो आणि प्लेट फक्त ती टोकं हलू देत नाही. काही आठवड्यांत हाड जुळलं की प्लेटचं काम जवळपास संपलं. ताईच्या प्लेटखाली हाडच नव्हतं. सगळा भार त्या पट्टीवर, आणि तो सुद्धा जन्मभर.

घर बांधताना स्लॅबला सेंट्रिंग लावतात ना, तसं समजा. पायाचं हाड बसवलं तर प्लेट ही सेंट्रिंगसारखी, स्लॅब पक्का होईपर्यंत तिनं भार धरायचा, पुढं हाड स्वतः पेलतं. (रेडिएशन दिलं असेल तर हाड जुळायला उशीर लागतो, म्हणजे सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावं लागतं.) पण स्लॅब टाकलाच नाही आणि नुसत्या सेंट्रिंगवर लोक राहायला लागले तर काय होईल, ते बांधकामावरचा कुठलाही मिस्त्री सांगेल.

भार किती असतो ते पण बघू. धडधाकट माणूस दाढेनं जोरात चावतो तेव्हा ५०-६० किलोचा जोर सहज लागतो. ऑपरेशन झालेल्या माणसाचा जोर याच्या कितीतरी कमी, कारण स्नायू कापलेले असतात, दुखत असतं. पण जसजसे महिने जातात, तसतशी ताकद परत येते, आणि दुसऱ्या बाजूच्या दाढा शाबूत असल्या तर माणूस त्या बाजूनं चांगला जोर लावून खायला लागतो. घरच्यांना आनंद होतो, सुधारतेय म्हणून. पण जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखा एक अख्खा तुकडा, दोन टोकांना कानाजवळ सांध्यात अडकवलेला. उजव्या दाढेनं चावलं तरी डावीकडची प्लेट वाकते. नुसती वाकते असं पण नाही, पिळवटते सुद्धा, आणि सगळ्यात जास्त ताण येतो तो जिथं हाड संपतं आणि पोकळी सुरू होते तिथं आणि कोपऱ्याच्या वळणावर.

एकदा चावल्यानं प्लेट तुटत नाही. शंभर वेळा चावल्यानंही नाही. ती तुटते थकून, आमच्या भाषेत फटीग. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला होता, इंजिनाचा आस मोडून, त्यानंतर लोकांनी याच्यामागं लागायला सुरुवात केली आणि जर्मनीत व्होलर नावाच्या इंजिनियरनं वर्षानुवर्षं रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं की एका दणक्यात जो भार धातूला काहीच करत नाही, तोच भार लाखो वेळा दिला तर धातू तुटतो. आमचं अख्खं टेस्टिंग डिपार्टमेंट या एका गोष्टीवर उभं होतं.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी माझ्या बहिणीच्या ताटात भाकरी वाढताना माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. नंतर मी मोजलं. ताई एक बाजरीची भाकरी साधारण २० घासांत खायची आणि एकेका घासाला २५ च्या आसपास चावणं. म्हणजे एका भाकरीला ५००. दिवसाला दोन भाकरी आणि वरचं काहीबाही धरून १२०० तरी. पहिले तीन महिने तिचं पातळच चालू होतं, त्यानंतर प्लेट तुटेपर्यंत ११ महिने, म्हणजे ३३० दिवस. १२०० गुणिले ३३०, चार लाखाला थोडंसं कमी. हाडांच्या प्लेटा मशीनवर वाकवून तपासायची जी अमेरिकन पद्धत आहे, एएसटीएम एफ ३८२, तिच्यात साधारण दहा लाख वेळेपर्यंत वाकवून बघतात. पण ते सरळ नव्या प्लेटवर, ठरलेल्या भारानं. माणसाच्या तोंडात ती प्लेट वाकवून बसवलेली असते आणि भार कोणी ठरवून दिलेला नसतो.

आणि वाकवणं हाच खरा कळीचा मुद्दा आहे. प्लेट पाकिटातनं सरळ किंवा ठराविक आकारात येते आणि ऑपरेशन चालू असताना सर्जन खास पकडींनी तिला त्या पेशंटच्या जबड्याच्या आकारात वाकवतात. त्याशिवाय ती बसणारच नाही, त्यामुळे यात त्यांना दोष द्यायचा प्रश्नच येत नाही. पण तार आपण एकदा इकडं आणि एकदा तिकडं वाकवली की ती कशी कडक होऊन तुटते, तसं प्लेट एकदा जास्त वाकली म्हणून परत उलटी वाकवली की तिचं आयुष्य घटतं. स्क्रूच्या भोकापाशी वाकवली तर अजून वाईट, कारण तिथं आधीच मटेरियल कमी असतं आणि ताण भोकाच्या कडेला गोळा होतो. टायटॅनियम हलकं आहे, शरीराला चालतं, गंजत नाही, पण ओरखड्याला, खाचेला फार नाजूक आहे. आमच्याकडं पाट्यावर कानशीचा एक ओरखडा दिसला तरी तो पाटा बाजूला काढायचो, कारण भेग तिथनंच सुरू होणार हे ठरलेलं.

ताईचं सांगतो. जेवताना कट् असा आवाज आला, तिला वाटलं दात तुटला. आरशात बघून मला फोन केला, "अरे, माझा जबडा तिरका चाललाय." एक्स-रे काढला, ओपीजी म्हणतात तो सगळ्या जबड्याचा, तर प्लेटचे सरळ दोन तुकडे. ओपीडीतले डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." होतं हे मला मान्य आहे. पण त्याच्या आधी दोन महिने ताई म्हणत होती की चावताना आत कुरकुर वाजतंय आणि दात पहिल्यासारखे जुळत नाहीत, आणि आम्ही म्हणालो की होईल बरं. भेग तेव्हाच सुरू झाली असणार. कोणी आधी सांगितलं असतं की असा आवाज आला, चावा बदलला, स्क्रूच्या जागी सूज आली किंवा पाणी यायला लागलं तर लगेच दाखवा, तर निदान तो शेवटचा झटका बसायच्या आधी आम्ही गेलो असतो.

दुसरं ऑपरेशन झालं. निघालेली प्लेट मी मागितली तर सिस्टर म्हणाल्या ती बायोमेडिकल वेस्टमध्ये जाते. मी अर्ज लिहून दिला, दोन दिवस फेऱ्या मारल्या, शेवटी निर्जंतुक करून एका औषधाच्या डबीत घालून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. घरी आणून मी खिडकीत बसून माझ्या जुन्या भिंगाखाली धरली. कोपऱ्याच्या वळणाजवळचं भोक, तिथं तुटलेली. तुटलेल्या तोंडाचा आतल्या कडेकडचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, घासून चकचकीत झाल्यासारखा, आणि त्यात शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या. उरलेला कोपरा खरबरीत, दाणेदार. हे चित्र मी आयुष्यात हजार वेळा बघितलंय. गुळगुळीत भाग म्हणजे रोज थोडी थोडी सरकत गेलेली भेग, आणि खरबरीत भाग म्हणजे शेवटच्या घासाला तुटलेला. आणि त्या वळ्या जिथनं सुरू होतात तिथं भोकाच्या काठाला एक छोटी खाच, पकडीच्या दाताच्या आकाराची. भेग त्या खाचेतनंच निघाली हे मी मायक्रोस्कोपशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही, पण कारखान्यात असतो तर रिपोर्टात पहिलं तेच लिहिलं असतं.

कोणी म्हणेल मग जाडजूड प्लेट बसवा की. हिशोब तसाच आहे, सपाट बाजूनं वाकणारी पट्टी २ मिलीमीटरची अडीच केली तर त्याच भाराला ताण साधारण एक तृतीयांशानं उतरतो आणि वाकणं जवळजवळ निम्म्यावर येतं. पण माणसाचा गाल म्हणजे चॅसी नाही. जाड प्लेट कातडीखाली उठून दिसते, आणि रेडिएशननं कातडी पातळ झालेली असते, त्यातनं प्लेट हळूहळू बाहेर डोकावायला लागते, मग जंतुसंसर्ग, मग परत ऑपरेशन. शिवाय टायटॅनियम आपल्या हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ असतं, त्यामुळे स्क्रूच्या आसपासच्या हाडावर कुठं ताण जास्त तर कुठं फारच कमी पडतो, आणि ज्या हाडावर ताणच पडत नाही ते हाड हळूहळू विरळ होत जातं आणि स्क्रू ढिले होतात. म्हणजे बारीक प्लेट तुटते आणि जाड प्लेट कातडी फाडते, या दोन्हीच्या मधनं सर्जनला वाट काढायची असते, ते पण कॅन्सर पूर्ण काढायचा, रक्तवाहिन्या सांभाळायच्या आणि तासन्‌तास उभं राहायचं हे सगळं करून. हे मला समजल्यापासनं त्या डॉक्टरांबद्दलचा माझा आदर वाढलाच आहे.

आता नवीन पद्धती आल्यात, पेशंटच्या सीटी स्कॅनवरनं जबड्याचा प्लास्टिकचा थ्रीडी मॉडेल छापतात आणि प्लेट ऑपरेशनच्या आधीच त्यावर शांतपणे वाकवून ठेवतात, किंवा त्याच पेशंटच्या मापाची प्लेटच थेट टायटॅनियमच्या पावडरीतनं छापून घेतात, म्हणजे वाकवायची भानगडच नाही. दुसऱ्या ऑपरेशनला ताईची प्लेट मॉडेलवर वाकवली होती. फार चांगली गोष्ट आहे. फक्त छापलेल्या धातूत आत बारीक पोकळ्या राहू शकतात आणि पृष्ठभाग खडबडीत असतो, फटीगच्या दृष्टीनं दोन्ही वाईट, त्यामुळे ती छापल्यावर नीट भट्टीत तापवून, घासूनपुसून, तपासून मगच वापरली पाहिजे. थ्रीडी हा शब्द ऐकला की नातेवाईक लगेच हो म्हणतात, मी पण म्हणालो होतो, पण ती कुठं तपासली हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. गुडघा बदलला की पेशंटला कार्ड मिळतं, कुठला सांधा, कुठली साईज, लॉट नंबर. जबड्याच्या प्लेटच्या पाकिटावर सुद्धा लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो केसपेपरला लागतो आणि केसपेपर हॉस्पिटलात राहतो. त्याचा एक स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावायला काय लागतं? आणि त्याच कार्डावर मराठीत चार ओळी, की तुमच्या प्लेटखाली हाड आहे का नाही, भार कोण पेलतंय, कडक कधी खायचं किंवा कधीच नाही, आणि काय झालं तर लगेच यायचं. ताईच्या डिस्चार्ज कार्डावर आहाराच्या जागी "सॉफ्ट डाएट" एवढे दोन शब्द होते, कधीपर्यंत ते नाही. बाजरीची भाकरी आमच्या घरात सॉफ्टच धरतात.

दुसरं तुटलेल्या प्लेटबद्दल. कारखान्यात एक पाटा तुटला तर कस्टमर रात्री फोन करतो, तुकडे पार्सलनं परत येतात, मायक्रोस्कोपखाली जातात, आठ दिवसांत रिपोर्ट लागतो आणि पुढच्या लॉटमध्ये सुधारणा होते. माणसाच्या तोंडातला तुकडा मात्र दवाखान्याच्या कचऱ्यात जातो आणि संपलं. आपल्या देशात २०१५ पासनं मटेरिओव्हिजिलन्स नावाची योजना आहे, वैद्यकीय उपकरणं बिघडली, तुटली तर कळवण्यासाठीच ती आहे, पेशंट स्वतः सुद्धा कळवू शकतो. पण ताई ज्या वॉर्डात होती तिथं मी चार जणांना विचारलं, चौघांनीही नाव पहिल्यांदा ऐकलं.

आणि हे पुण्यात का होऊ नये? वेताळ टेकडीवर गाड्यांची टेस्टिंग करणारी एआरएआय आहे, भोसरी-चाकणला गल्लोगल्ली धातू तपासणाऱ्या मेटलर्जी लॅब आहेत, शिवाजीनगरला १८५४ पासनं इंजिनियरिंग शिकवणारं सीओईपी आहे, आणि याच शहरात ससूनसकट एवढी हॉस्पिटलं आहेत. एकाच शहरात प्लेट बसवणारे पण आहेत आणि धातू का तुटला हे सांगणारे पण आहेत, मधे काही किलोमीटरचं अंतर. महिन्यातनं एकदा तुटलेल्या प्लेटा धुऊन, निर्जंतुक करून, पेशंटचं नाव काढून एखाद्या कॉलेजच्या लॅबला दिल्या तर पोरांना प्रोजेक्ट मिळेल आणि सर्जनना कळेल की आपल्याकडं नक्की कुठल्या भोकाला, किती महिन्यांनी, कशामुळं तुटतात. ग्लोबोकॅन म्हणजे जगभरातल्या कॅन्सरची जी मोजणी होते, तिच्या २०२० च्या आकड्यांत भारतात तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ३५ हजार नवीन पेशंट धरलेत. सगळ्यांचा जबडा काढावा लागत नाही, पण आपल्याकडं हिरडी आणि गालाच्या मधला कॅन्सर जास्त, तिथं तंबाखू धरून ठेवतात म्हणून, आणि तिथनं हाड जवळच असतं. महाराष्ट्रात २०१२ पासनं गुटखाबंदी आहे, तरी टपरीवर पुड्या मिळतातच. आणि मिश्रीला तर कोणी तंबाखू सुद्धा समजत नाही, दात घासायची पूड समजतात.

ताई आता बरी आहे. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, पूर्ण भिजली की खाते, चकली-शेंगदाणे बंद, जेवायला अर्धा तास जास्त लागतो आणि घरात कोणी घाई करत नाही. दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढतो, मी स्वतः फिल्म उजेडात धरून भोकं मोजतो. मिश्रीची डबी तिनं स्वतःच्या हातानं मोरीत रिकामी केली आणि सुनेला पण लावू देत नाही.

तुटलेली प्लेट माझ्याकडं त्याच औषधाच्या डबीत आहे, तोंडं एकमेकांना घासू नयेत म्हणून दोन तुकडे वेगवेगळ्या कापसात गुंडाळून. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजला किंवा हॉस्पिटलला ती मायक्रोस्कोपखाली बघायची असेल तर ताईची परवानगी मी घेऊन ठेवलीय. आपल्या कार्यालयात माझा पत्ता दिलेला आहे, मी स्वतः आणून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टेस्टिंग कामगार,
चिंचवड, पुणे